बंगळूरला नदी कुठाय

इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये गुरुप्रसाद सरांनी वेदिकाचा ब्रेडबोर्ड, म्हणजे सर्किट जोडायची पाटी, स्वतःकडे ओढला आणि त्यावरची चिठ्ठी वाचली : नदी. सर बेळगावचे. शिकवायचे इंग्रजीत, पण कुणाला झाडायचं असलं की मराठीत यायचे.

"नदी म्हणजे सिव्हिलवाल्यांचं काम की गं. आणि बंगळूरला नदी कुठाय?"

मागे हशा पिकला. आज प्रोजेक्ट नामंजूर झाला, तर वेदिकाला राजसच्या ग्रुपमध्ये जाऊन पार्किंगचा सेन्सर करावा लागणार होता. राजसने तिच्यासाठी खुर्चीही सरकवून ठेवली होती.

नदी आहे, तिने सांगितलं, फक्त सलग दिसत नाही. एक तळं भरलं की पाणी कालव्यातून पुढच्यात जातं, तिथून त्याच्या पुढच्यात, आणि शेवटी शहराबाहेर दक्षिण पिनाकिनी नदीला मिळतं. बोर्डावर तेच होतं. बटण म्हणजे पाऊस. रेझिस्टर म्हणजे कालवे. तीन कपॅसिटर, तीन तळी. आणि टोकाला बझर, म्हणजे मारतहळ्ळीतल्या तिच्या सोसायटीचं बेसमेंट.

तिने बटण दाबून सोडलं. काहीच झालं नाही.

"बंद पडलंय," राजस म्हणाला.

वेदिकाने मधला कपॅसिटर उपटून हातात घेतला. या तळ्यावर आता घरं आहेत, ती म्हणाली, आणि पुन्हा बटण दाबलं. बझर असा किंचाळला की शेजारच्या लॅबमधून दोघे डोकावून गेले.

"पाऊस मघाएवढाच होता, सर."

सरांनी विचारलं, हे तळं कोणतं. तिने सर राहतात त्याच लेआउटचं, त्या वसाहतीचं नाव घेतलं. या वेळी कुणी हसलं नाही. गेल्या पावसाळ्यात पाणी शिरलं तेव्हा सरांनी स्कूटर जिन्यात चढवून ठेवली होती, हे सगळ्या डिपार्टमेंटला माहीत होतं.

"कपॅसिटर म्हणजे तळं, हे कुठल्या पुस्तकात आहे?"

"बाबा सांगायचे. ते सांगलीचे, मराठी शाळेत शिकलेले. कपॅसिटरला धारित्रच म्हणायचे. धारित्र म्हणजे छोटं धरण. धरून ठेवायचं, हळूहळू सोडायचं."

"त्यांना दाखवलंस हे?"

"दिवाळीनंतर गेले ते, सर."

 सरांनी हात पुढे केला. वेदिकाने तळहातावरचा कपॅसिटर त्यांना दिला. त्यांनी चष्मा चढवला, त्याचे वाकलेले पाय बोटांनी सरळ केले आणि तो बोर्डावर टेकवला.

"पट्टीची बाजू इकडे, सर. उलटा बसला तर फुटतो."

"मला शिकवतेस?" सर म्हणाले आणि त्यांनी तो फिरवून घेतला.

तळं जागेवर बसलं. सरांनी स्वतःच पाऊस पाडला. थांबून पुन्हा एकदा पाडला. सगळी लॅब कान देऊन उभी होती. काही वाजलं नाही.

राजसने खुर्ची गुपचूप मागे ओढून घेतली.

"तीनच तळी का घेतलीस?" सर म्हणाले. "अजून होती की गं."