ओळखीचा ठिपका

टक्! नेलपॉलिशची बाटली टेबलावरून फरशीवर पडली आणि गडगडत सोफ्याखाली गेली. चिमुरडी ठमी पोटावर सरपटत बाटली काढायला गेली.

"परत फसवलं?" सासूबाईंनी विचारलं.

ठमीच्या आईने मान खाली घातली. ती नुकतीच खाली जाऊन गाडीचं बॉनेट उघडून आली होती. काल गॅरेजमध्ये बसवलेल्या नव्या बॅटरीच्या कोपऱ्यात लाल ठिपका होता. तसाच ठिपका तिने स्वतःच्या हाताने लावला होता. जुन्या बॅटरीला.

मागच्या वर्षी दुसऱ्या एका गॅरेजवाल्याने जुनाच पार्ट घासूनपुसून परत बसवला, तेव्हा घरभर तिची खिल्ली उडाली होती. "वहिनींना कुणीही टोपी घालावी," असं दीर चारचौघांत म्हणाला होता. तेव्हापासून गॅरेजची पाटी दिसली तरी तिची कानशिलं तापायची. म्हणून या वेळी गाडी देण्याआधी तिने आपला नेहमीचा उपाय केला. ठमीने नेलपॉलिशची बाटली धरली आणि तिने स्वतः ठिपका दिला.

या घरातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक वस्तूवर असा ठिपका असे. छत्री, डबा, चपला, ठमीची पाण्याची बाटली. आपली वस्तू दुसऱ्याच्यात मिसळू नये म्हणून. "एक दिवस मलाही लावशील," सासूबाई म्हणायच्या, "म्हणजे मी हरवले तर लोक आणून देतील."

"गाडी ताब्यात घेतानाच बघायचं की," नवरा म्हणाला.

"चार माणसं उभी होती. त्यांच्यादेखत बॉनेट उघडायचं म्हणजे... लाज वाटली."

"मग काल संध्याकाळी तरी सांगायचंस. वायपरला पाणी घालायला मीच बॉनेट उघडलं होतं. पाण्याची बाटली विसरलो म्हणून परत वरही आलो होतो. खाली राखणीला ठमी उभी."

"तुला सांगितलं असतं तर हसला असतास."

तो हसला असता खरा.

"ठमे, चपला घाल," ती म्हणाली. "आज मी सोडत नाही त्यांना."

गॅरेजमध्ये गर्दी होती. आज मात्र तिने सगळ्यांसमोर बॉनेट उघडलं.

"ही नवी? हा ठिपका मी लावलाय. गाडी तुमच्याकडे द्यायच्या आधी."

मालकाने मिस्त्रीला हाक मारली. पन्नाशीचा माणूस, एका पायाने जरासा लंगडणारा. फडक्याला हात पुसत आला, वाकला, बघून चक्रावला.

"नवीच आहे, ताई. मीच खोक्यातून काढली. बघा ना, किती स्वच्छ आहे."

"पुसली की जुनीही स्वच्छ दिसते."

"बिलावर नंबर आहे. ताडून बघा."

"नंबर लिहिणारे तुम्ही आणि वाचणारेही तुम्हीच!"

थांबलेली गिऱ्हाइकं हसली. "बरोबर पकडलंत, ताई," कुणीतरी म्हणालं. त्या एका वाक्याने तिला दहा हत्तींचं बळ आलं. वर्षभर गिळलेली लाज आता तोंडावाटे बाहेर पडू लागली. चोर म्हणाली, लबाड म्हणाली, बाईमाणूस बघून गळा कापता म्हणाली. आपला आवाज इतका चढतो हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

"मग ठिपका आला कुठून?" मालकाने मिस्त्रीला विचारलं. "आभाळातून पडला?"

मिस्त्रीची नजर गाडीवरून, माणसांवरून फिरली आणि ठमीवर येऊन थांबली. आवाज चढल्यापासून ती आईच्या मागे दडली होती. तो गुडघा धरत तिच्यासमोर खाली बसला.

"बोटं छान रंगवलीस गं," तो हळूच म्हणाला.

ठमीने दोन्ही हात पाठीमागे नेले. तिचा खालचा ओठ थरथरायला लागला.

तो तिच्याकडे बघत राहिला. मग सावकाश उठला.

"झाली असेल चूक," तो मालकाला म्हणाला. "दुसरी बसवतो."

"बसव. आणि तुझी हत्यारं गोळा कर. माझ्याकडे चोराला जागा नाही."

मिस्त्रीने तोंड उघडलं, ठमीकडे एकवार पाहिलं आणि मिटलं. ठमीच्या आईसमोरच त्याने नवं खोकं फोडलं, बॅटरी बसवली, नट आवळले, हलवून खात्री केली. मग आपले पाने एका मळक्या फडक्यात गुंडाळले. जाताना त्याने ठमीच्या डोक्यावर ठेवायला हात पुढे केला. हाताला काळं लागलेलं बघून मागे घेतला आणि नुसती मान हलवली.

जीव गार व्हायला हवा होता. झाला नाही. घरी येताना ती स्वतःलाच बजावत होती, चोराला चोर म्हणायची लाज कसली? पण पाने काखेत धरून लंगडत फाटकाबाहेर गेलेला तो माणूस काही केल्या आरशातून हलेना. मागच्या सीटवर ठमी अजून हात पाठीमागे लपवून बसली होती.

तिने गाडी इमारतीखाली लावली. "उतर, राणी. झालं सगळं. कुणी रागावलेलं नाही तुझ्यावर."

ठमीचा चेहरा एकदम उजळला. तिने फ्रॉकच्या खिशातून नेलपॉलिशची बाटली काढली आणि दोन्ही हातांनी आईपुढे धरली.

"मग बॉनेट उघड ना, आई. या नव्या बॅटरीलाही मीच लावू ठिपका, कालच्या नवीला लावला होता तसा?"