सतरा नावं

"बोलू नका, चाचा," इंदर सिंग कुजबुजला. "काय वाटेल ते झालं तरी."

बचिंत सिंग नुसता हसला. ओठ फाटला होता, तरी हसला.

जहाज हाँगकाँगला लागताच पोलिसांनी नेमकं या दोघांनाच उतरवलं. कुणीतरी आधीच कळवलं होतं. हिंदुस्थानात बंड करायला निघालेले बाकीचे साठजण जहाजातच अडकून पडले.

बचिंतच्या डोक्यात सतरा नावं होती. कॅलिफोर्नियात बटाट्याच्या शेतात, कुदळीच्या एकेका घावाला एकेक, अशी त्यानं ती घोकली होती. कागद झडतीत सापडतो, म्हणून बंडखोरांच्या पार्टीची ही रीत. शेजारच्या सरीतून इंदर जवळ आला, की तो गप्प व्हायचा.

"गावाकडची आपलीच माणसं ना?" इंदर विचारायचा.

"ज्याचं ओझं त्यानं वाहावं, पोरा."

इंदरला खात्री होती. त्याचा थोरला भाऊ गज्जन पंजाबात पार्टीचं काम करत होता. त्याचं नाव त्यात असणारच. या विचारानं त्याची छाती फुगायची.

चार दिवस बचिंतनं मार खाल्ला. पाचव्या दिवशी गोऱ्या पोलीस अधिकाऱ्याला म्हणाला, "लिहून घ्या, साहेब. सतरा नावं आहेत."

नाव, बापाचं नाव, गाव. समोरच्या, दोघांच्या कोठडीतून इंदर ऐकत होता. त्याचे हात गजांवर आवळले गेले. सोळा नावं झाली आणि बचिंत थांबला. त्यानं एकदा इंदरकडे पाहिलं.

"सतरावं?" साहेब ओरडला.

"गज्जन सिंग. बापाचं नाव नत्था सिंग. गाव कोट सरवण."

साहेब तार करायला धावला. शिपायांनी बचिंतला परत कोठडीत ढकललं.

"थू!" इंदर थुंकला. "माझ्या भावाला विकलंस? तुला चाचा म्हणत होतो मी! चार दिवस दम धरलास तो कशाला, भाव वाढवायला?"

"शिव्या दे. पण जेवून घे."

"तुझ्या पंगतीला? आणि यापुढं अरदासला माझ्या शेजारी उभा राहू नकोस."

बचिंतनं मान खाली घातली. त्यानंतर दोघं पाठीला पाठ लावून प्रार्थना करत.

दहाव्या दिवशी हवालदार मेहताब सिंग आला. तोही पंजाबचाच. इकडेतिकडे बघत तो गजांपाशी टेकला.

"काय बटाटेवाले, तुमचं जहाज काल सुटलं. सगळं हाती लागलं म्हणून साहेबानं खुशीत सोडून दिलं."

"आणि ते सतराजण?" इंदर गजांकडे धावला.

"पकडले की. एकूण एक. अख्ख्या गावादेखत बेड्या घालून नेले."

इंदरनं डोळे मिटले. "माझा भाऊ..."

"अरे, पुढचं ऐक! आज सकाळी सिमल्याहून वरच्या सरकारची तार आलीय. तेव्हापासून साहेब डोकं धरून बसलाय," मेहताबनं हसू दाबलं. "सतराच्या सतरा सरकारचेच खबरे निघाले."