तिसरा पेला

पाहुणा येणार म्हणून अस्कालेनं सारवलेल्या जमिनीवर ताजं गवत पसरलं, आपल्याच मळ्यातल्या बिया भाजल्या, कुटल्या आणि मातीच्या सुरईत कॉफी उकळली. परदेशी व्यापाऱ्यानं पहिला पेला उचलला, एक घोट तोंडात खळखळवला आणि बाजूला थुंकून टाकला.

"अगं बाई! जळकी लागली का?" तिनं दुभाष्याला विचारलं.

"नाही हो आजी, चव बघायची त्यांची रीतच ती. अख्ख्या इथिओपियात अशी कॉफी नाही म्हणतायत. सगळं पीक घेणार, तेही चढ्या भावानं."

"घेऊ दे की. पण अजून दोन पेले व्हायचेत. तिसऱ्याआधी पाहुणा उठतो का कधी? तू तर आपल्यातला, तू तरी बस."

"गाडी चालू ठेवलीय, आजी."

गाडीत बसताना व्यापारी हसून काही बोलला. दुभाष्यानं ओरडून सांगितलं, "म्हणतायत, अशी कॉफी रोज प्यायला मिळते, नशीबवान आहात!"

"रोज कुठली रे? लेक अरबांकडे घरकामाला गेली, त्यानंतर आजच उकळली. आपल्यात एकटीनं पितात का कॉफी?"

गाडी तोवर वळणाआड गेली होती. उरलेली कॉफी तिनं झाडाच्या बुंध्याशी ओतली.