मॉडेल नंबर सांगा

सुट्या भागांच्या दुकानातल्या बाईंनी मॉडेल नंबर ऐकला, की होडीची मोटर डोळ्यांपुढे उभी राहायची. दुपारी फोन आला, "वहिनी, ही मोटर किती जुनी, सांगाल?"

"पट्टीवरचा नंबर वाचा."

पलीकडचा माणूस बोटांनी अक्षरं चाचपत असल्यासारखा अडखळत वाचू लागला.

"चाळीस म्हणजे ताकद," बाई म्हणाल्या. "पुढचं अक्षर, दोरी ओढून चालू होणारी. 'एल' म्हणजे लांब दांडा. शेवटचं अक्षर सालाचं. बरीच जुनी आहे हो! आता खालचा नंबर सांगा. तो प्रत्येक मोटरीचा वेगळा असतो."

त्याने सांगितला. तो नंबर त्यांना तोंडपाठ होता. मोटर त्यांच्या नवऱ्याची होती.

त्यांनी खिडकीतून खाडीकडे पाहिलं. नवरा होडीत एकटाच बसून किनाऱ्याकडे येत होता. फोनमध्ये मोटर खोकली. क्षणभराने तोच आवाज खिडकीतूनही आला.

"तुम्ही कुठून बोलताय?" बाईंनी कसंबसं विचारलं.

"मोटरीच्या मागून."

होडीमागे नुसतं पाणी होतं.

"हाका मारून दमलो, वहिनी. हे वळून बघतच नाहीत. तुम्ही तरी सांगा."

तेवढ्यात फोनमधली मोटर बंद पडली. मग खाडीतलीही.

बाई फोन टाकून धक्क्यावर धावल्या आणि जिवाच्या आकांताने ओरडल्या, "मागे बघू नका!"

वाऱ्यात अर्धंच ऐकू गेलं असावं. नवऱ्याने हसून हात वर केला आणि मागे वळून पाहिलं.