हरवलेला ‘स’

त्याने छोट्या माईकची क्लिप बायकोच्या गळ्याशी लावली, मग जरा खाली सरकवली आणि तोच परिच्छेद पुन्हा वाचायला सांगितला. पंखा बंद होता, खिडक्याही. तिने वाचून दाखवला. हेडफोन काढत त्याने मान हलवली.

“‘स’ गळतोय. ‘श’सुद्धा.”

उद्या बघू, म्हणत ती चहा ठेवायला उठली.

ती शाळेत शिकवायची. तिचा आवाज बसत चाललाय, हे आधी त्याच्याच लक्षात आलं. सगळी हयात माईक बनवण्यात गेलेली. कंपनीत त्याच्या कानांचा शब्द शेवटचा. मागच्या बाकांपर्यंत तुझं बोलणं पोचत नसणार, असं तो तिला सांगत राहिला. घशाच्या डॉक्टरांकडे ती एकटीच जाऊन आली. आवाजाला विश्रांती हवी, एवढंच तिने घरी सांगितलं आणि नोकरी सोडली.

मग घर गप्प झालं. तिला पुन्हा वर्गात उभं करायचंच, या हट्टाने तो बटणाएवढा माईक करायला बसला. कपडा घासल्याची खरखर येऊ नये म्हणून खाली फोम लावला, श्वासाची फुसफुस अडवायला वर जाळी बसवली. तरी शब्दांच्या कडा बोथटच. एकदा तर, जरा तोंड उघडून बोल, म्हणून तो तिच्यावर खेकसला. ती ओशाळली आणि पहिल्यापासून वाचू लागली.

शेवटी सगळी रेकॉर्डिंग घेऊन तो कंपनीतल्या नव्या इंजिनियर मुलीकडे गेला. हेडफोन लावताच तिने दचकून आवाज कमी केला. मग एकेक ऐकत गेली. दोष काही सापडेना.

“सगळीच स्वच्छ आहेत, सर. अगदी पहिलंसुद्धा.”

तो बराच वेळ तिच्या ओठांकडे बघत राहिला.

घरी येऊन त्याने बायकोला समोर बसवलं. घशाच्या डॉक्टरांनी तेव्हा खरं काय सांगितलं होतं, ते विचारलं. तिने आधी विषय टाळला. तो हलेना, तेव्हा म्हणाली, “घसा ठणठणीत आहे म्हणाले. यजमानांचे कान तपासून घ्या, म्हणाले.”

“मग शाळा का सोडलीस?”

“दोघांपैकी एकाचं काहीतरी बिघडलंय, हे उघड होतं. म्हटलं, माझंच असू दे.”