ज्वालासुराची शिकार

मोबाइलवरच्या खेळात ज्वालासुर या आगीच्या राक्षसाचा आज शेवटचा दिवस होता, आणि जो शेवटचा घाव घालेल त्यालाच तो मिळणार होता. अकरा दिवस नात त्याच्यामागे हात धुऊन लागली होती. आगीपुढे पाण्याचेच राक्षस टिकतात, हे तिने जोडीदार आजोबांना चारदा पढवलं. तरी पहिल्या दोन्ही लढायांत त्यांनी पानाफुलांचाच राक्षस पाठवला आणि दोघं हरली.

"गोड दिसतो गं तो!"

"आजोबा, आगीत गवत घालतं का कुणी?" तिने कपाळावर हात मारला आणि त्यांच्या फोनवर पाण्याचे सहा राक्षस स्वतःच निवडून दिले.

तिसऱ्या लढाईत आजोबांच्याच घावाने ज्वालासुर आडवा झाला आणि पकडला गेला.

"जिंकलो! आता पाठवा ना तो मला, लवकर!"



"अगं, किती मार खाल्ला बिचाऱ्याने! मी लगेच सोडून दिला त्याला."