चार मिनिटं

पेन्शनच्या खिडकीशी श्रीकृष्ण अर्ज घेऊन उभा होता. "दीदी, बाबांना लकवा मारलाय. हयातीच्या दाखल्यासाठी त्यांना इथं आणणं शक्य नाही हो."

खिडकीमागच्या सुहासिनीनं अर्जावरचं नाव वाचलं. नीलकंठ पुराणिक.

नऊ वर्षांपूर्वी तिच्या खुर्चीत हेच नीलकंठराव बसत. तेव्हा ती खिडकीबाहेर उभी होती. "नियम चुकीचा असला तरी पाळायचा असतो, बेटी," ते म्हणाले होते. "आईला इथंच आणावं लागेल." अंथरुणाला खिळलेल्या आईला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत खाटेवर घालून ती गरौठा गावाहून निघाली. भर मे महिन्याची, अंग भाजून काढणारी लू वाहत होती. आईनं वाटेतच प्राण सोडला.

"तुम्ही घरी जा," ती श्रीकृष्णला म्हणाली. "मीच येते."

संध्याकाळी ती खरोखरच गेली. खाटेशी बसून तिनं नीलकंठरावांच्या अंगठ्याचा ठसा घेतला, 'कार्यालयात समक्ष हजर' हा शिक्का मारला आणि खाली सही केली.

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. "माझ्यासाठी नियम मोडलास, बेटी?"

"हो. चार मिनिटं लागली." तिनं शिक्का पिशवीत टाकला. "गरौठ्याच्या अनुसूयाबाईंची मुलगी मी. माझ्या आईसाठी तुम्हाला एवढंच करायचं होतं, काका. आता तुम्ही हयात आहात तोवर दरवर्षी येईन आणि तुमच्या डोळ्यांसमोर हा नियम मोडून जाईन."